दहा वर्षांची अट

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये एकतीस वर्षं झाली. छोट्या देशांनी मोठ्यांच्या बाजारात कसं टिकायचं हे सांगणं हा माझा धंदा, आणि तो मी चांगला करतो. नम्रपणा माझ्या अंगी नाही. शोभाला विचारा, माझ्या बायकोकडे माझ्या अवगुणांची यादी नेहमी तयार असते.

दोन वर्षांपूर्वी तोवारा नावाच्या बेटाच्या सरकारनं मला काम दिलं. वस्ती एक लाख दहा हजार, एक बंदर, मासळीचे तीन कारखाने. जगाच्या स्पर्धेत आमचा देश वर कसा येईल याचा अहवाल लिहा, म्हणाले. बंदराचे दर, जकात, परवाने, सगळं लिहून झालं होतं. आणि मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी उर्वी जोएलला दुपारच्या जेवणाला घेऊन आली.

उर्वी आमची एकुलती एक. लहान मुलांची डॉक्टर, रेसिडेन्सीचं शेवटचं वर्ष. जोएल तोवाराचाच, तिथल्या सरकारच्या स्कॉलरशिपवर बंदरबांधणी शिकायला आलेला. तिथले आकडे समजावून द्यायला तो माझ्या ऑफिसात यायचा, आणि तिथंच दोघांची ओळख झाली. म्हणजे चोराला घरात मीच घेतलं.

"वी आर गेटिंग मॅरिड, बाबा," उर्वी म्हणाली.

"अरे वा," मी म्हणालो, आणि जोएलला आमटी वाढली. मुलगा सभ्य, हुशार, माझ्याहून वीतभर उंच. मला तो नको होता. काळा होता म्हणून नको होता. हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही, कारण आमच्या मंडळात पुरोगामी म्हणून माझं नाव आहे. जेवण उरकून मी वर गेलो, अहवाल उघडला आणि कलम अकरा लिहिलं.

सरकारी पैशानं शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेतच राहायचं असेल, अगदी अमेरिकन मुलीशी लग्न करूनसुद्धा, तर त्याच्या सरकारचं ना-हरकत पत्र लागतं. तोवारा ते मागेल त्याला देत असे. मी लिहिलं, पत्र देणं बंद करा. शिकलेली माणसं हेच छोट्या देशाचं भांडवल. प्रत्येकानं परत येऊन दहा वर्षं देशाची नोकरी करावी. अपवाद नाही.

"पाच पुरेत की," अर्थमंत्रीबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या.

"पाच वर्षं माणूस दिवस मोजत काढतो," मी म्हणालो. "दहा वर्षांत मुळं धरतो."

त्यांना वाक्य आवडलं. मलाही आवडलं.

गंमत म्हणजे कलम खरोखरच चांगलं होतं. फक्त एका परीक्षकानं शेरा मारला, एकट्याला बांधून ठेवलंत तर तो कुढत बसेल, जोडीदाराचीही सोय करा. त्याचं म्हणणं बरोबर होतं. हेतू वाईट असला तरी काम वाईट करायची मला सवय नाही. मी जोडून टाकलं, जोडीदाराला नागरिकत्व आणि शिक्षणाजोगी नोकरी, त्याच दहा वर्षांच्या अटीवर. उर्वी अमेरिका सोडेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तिला कॉफीसुद्धा एकाच दुकानातली लागते.

शोभानं मसुदा वाचला. "हे त्या पोरासाठी लिहिलंयस ना?"

"एक लाख दहा हजार लोकांसाठी."

"नंदू, इतका नीच आहेस तू?"

मी चष्मा पुसत बसलो.

एप्रिलमध्ये कायदा झाला. अमेरिकेत तोवाराचे एक्केचाळीस विद्यार्थी होते. एका मुलीनं मला ईमेल केली. आई माझ्यापाशी इथं डायलिसिसवर आहे, आमच्या बेटावर ते मशीन नाही, काहीतरी करा. मी ती मंत्रालयाला फॉरवर्ड केली आणि विसरून गेलो. जोएल निरोप घ्यायला आला तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्या देशाला तुझी गरज आहे," म्हणालो. तो "येस सर" म्हणाला. आठवडाभर मी मजेत होतो, भांडी विसळताना गुणगुणत होतो. काट्यानं काटा निघाला होता आणि बोटाला रक्तसुद्धा लागलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी सकाळी उर्वी आली.

"मी पण जातेय, बाबा. स्पाउस पोस्टिंग. अप्लाय केलं आणि दोन दिवसांत अप्रूव्ह झालं. दे आर थ्रिल्ड."

"वेड लागलंय का? दहा वर्षं आहेत ती!"

"आय नो. मिनिस्टरनं सांगितलं मला. दे वॉन्टेड फाइव्ह. टेन वॉज यू."

मी तिच्यासमोरच मंत्रीबाईंना फोन लावला. एवढ्या एका डॉक्टरला अट शिथिल करा, म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणापुढे गयावया करत होतो.

"प्रोफेसर," त्या म्हणाल्या, "कालच आम्ही एका मुलीला नकार कळवला. तिची आई आजारी आहे. तुमच्या मुलीला सूट दिली, तर त्या मुलीला काय सांगू?"

मग त्यांनी मनापासून माझं अभिनंदन केलं. त्या बेटाला लहान मुलांची डॉक्टर पहिल्यांदाच मिळत होती.

मी फोन ठेवला. उर्वी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्यामागे शोभा.

"जोएलला शिकागोत जॉब मिळाला होता," उर्वी म्हणाली. एरवी दर वाक्यात इंग्रजीवर घसरणारी पोरगी सावकाश, शब्द शोधत मराठीत बोलत होती. "तिथंच जवळ, नेपरव्हिलला घर बघून ठेवलं होतं आम्ही. इथून चार तासांवर. दर शनिवारी इथं जेवायला येणार होतो. त्याच रविवारी तुला सांगायचं होतं, पण तू जेवून लगेच वर निघून गेलास."

"राहा ना गं," मी म्हणालो.

"मी राहणारच होते, बाबा."

ती रडली नाही. रडलो मी. दोघींपैकी कुणीही माझ्याजवळ आलं नाही.