नंदाचा पाय

मित्रांनो, कधी काळी मी हिरवीगार होते असं सांगितलं तर आज कुणाला पटत नाही, इतकी मी जुनी सायकल आहे. जगदीशने मला खोपोलीच्या दुकानातून आणलं तेव्हा त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. कुंभिवलीहून त्याला साजगावच्या कारखान्यात पोचवायचं, हेच तेव्हापासून माझं काम. घरोघरी मोटारसायकली आल्या, मला कुणी विचारेनासं झालं, पण जगदीशने मला सोडलं नाही. त्याची बायको नंदा म्हणायची, "हायवेला सायकल नका नेऊ. कंपनीची बस हाय ना?" तो हसून पायडल मारायचा.

एका सकाळी डंपरमधून सांडलेल्या खडीवर माझं चाक घसरलं. जगदीश दाणकन डांबरावर बसला. उठला, कुणी पाहिलं तर नाही ना हे आधी पाहिलं, मग माझ्यावरून हात फिरवला. मी धड आहे म्हटल्यावर स्वारी खूश. घरी त्याने अवाक्षर काढलं नाही. बायकोची बोलणी कोण खाणार!

आठवडाभराने आंघोळीची बादली उचलताना त्याची कंबर धरली. "लचक भरली गं," तो कण्हत म्हणाला.

लचक म्हणजे नंदाचंच काम. ती पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. अशा माणसाने कंबरेला पाय लावला की लचक जाते, असं आमच्याकडे मानतात. एरवी सासरी तिला कुणी दोन शब्द विचारत नसे. कंबर धरली की मात्र अख्खं गाव "वैनी, वैनी" करत पडवीत यायचं. तिला त्याचा फार अभिमान होता.

जगदीश माझ्यासमोरच पालथा झोपला. तिने टाच टेकवली.

"जोरात दे," तो म्हणाला. तिने जोरात दिली.

त्या संध्याकाळी त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो परसातून आला तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती.

"अवं, चप्पल कुठं हाय तुमची?"

त्याने खाली पाहिलं. "कवा निसटली? पाय भुईला लागल्याचं कळतच नाय गं."

नंदाचा चेहरा उतरला. "खरं सांगा. पडला होतात?"

"सायकलवरनं. पन तवा काय झालं नव्हतं."

तिने त्याला तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मणक्याला चीर गेली होती, नस दबली होती. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, पण डावा पाय बधिरच राहिला. हे पडल्यामुळे झालं की तिने पाय दिल्यामुळे, असं नंदाने डॉक्टरांना स्वतःच विचारलं. सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. घरी येऊन तिने भांडी घासली, भात टाकला. रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. आता ती रोज त्याचा तळवा दाबते, तो नाही म्हणून मान हलवतो, आणि ती उठून कामाला लागते. मी भिंतीला टेकून असते. माझ्या चाकांतली हवा कधी गेली, ते मलाही कळलं नाही.

परवा शेजारचा रूपेश कंबर धरून आला. "वैनी, जरा पाय लाव गं."

पाय लावण्याआधी नंदाने आजवर कुणाला काही विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं, "पडला होतास का रं?"

"गाडीवरनं घसरलो. पन लय दिस झालं त्याला."

"मग मी पाय लावनार नाय. दवाखान्यात जा."

"नुसता टेकव गं. तुझ्या पायाला गुन हाय."

खाटेवरून जगदीश म्हणाला, "रूपेश, हिकडं ये. माझ्या या अंगठ्याला चिमटा काढ."

रूपेशने वाकून चिमटा काढला. जगदीश छताकडे बघत वाट पाहत राहिला.

"काढ की रं."

"काढलाय, दादा."

रूपेश तसाच उठला आणि दवाखान्यात गेला.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. कधी पडलात तर सायकल राहू द्या रस्त्यात. आधी घरी सांगा.