बांधाखालची भिंत

कालव्यात पाणी शिरलं तसा काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. तिचे हात मात्र जागचे हलले नाहीत. तिची नजर बांधाखालच्या घरांवर होती.

बुजलेला जुना कालवा लोकांना पुन्हा फिरायला, पोहायला मिळावा म्हणून बाबांनी जन्म घालवला. ते गेले आणि काम तिच्यावर आलं.

"तोंड का पाडलंस?" मुकादम म्हणाला. तो बाबांचा जुना जोडीदार. "तुझा बाप एव्हाना होडीत बसून मला भिजवत असता."

"काका, तळाची माती मधल्या दिवसांत वाळली नव्हती ना?"

तळाशी चिकणमातीचा थर असतो. तो पायांनी तुडवायचा आणि पाणी सोडेपर्यंत रोज भिजवायचा. वाळला की भेगाळतो आणि पाणी झिरपू लागतं.

मुकादमाने नजर चुकवली. "तुझा बाप गेला तेव्हा कुणाचे हातच चालेनात गं. मीच गड्यांना घरी बसवलं, त्याचा मान म्हणून. नंतर भरपूर पाणी मारलं. भेगा दिसेनाशा झाल्या."

तेवढ्यात शेवटच्या घरातली मावशी बांध चढून आली. "स्वयंपाकघराच्या भिंतीला घाम फुटलाय. मला कालवा बघायचा होता, घरात नव्हता घ्यायचा."

मावशीला मागे टाकून ती धावत खाली गेली. भिंतीला हात लावला. बोटांवर आलेलं पाणी गढूळ होतं. म्हणजे बांध आतून पोखरला जात होता.

"काका, फळ्या टाका. पाणी अडवा."

"एवढी माणसं जमलीत. आज बंद केलं तर पुन्हा कोणी मदत करणार नाही. त्याचं सगळं वाया जाईल."

"मावशीचं घर जाईल."

मुकादमाने गड्यांना हाक मारली. कालव्याच्या तोंडाशी दगडी खाचांत एकेक फळी उतरू लागली. शेवटची अडकली. फटीतून पाणी उसळत राहिलं. ती फळीवर चढून उभी राहिली, तरी हलेना. मुकादम तिच्या शेजारी चढला, तेव्हा कुठे फळी करकरत बसली.

कालव्यात साचलेलं पाणी ओढ्यात सोडून दिलं. भिंतीवरचा ओघळ थांबला. लोक कुरकुरत पांगले.

"मान द्यायला गेलो त्याला," मुकादम पुटपुटला.

"बाबांना माती भिजवलेली जास्त आवडली असती, काका."

तो ओशाळं हसला आणि फावडं घेऊन भेगाळलेला थर उकरायला लागला.

तिने चपला काठावर काढल्या आणि चिखलात उतरली. मागून मावशी पदर खोचत आली.

"कुठे तुडवू ते सांग. भिंत माझी आहे."