वणव्यातला सदू

बोरी अरब गावच्या बाजाराला लागून पुंडलिकरावांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. मागच्या खोलीत त्यांची मुलगी अर्पिता दिवसभर टॅबवर चित्रं काढत बसायची. हैदराबादच्या एका कंपनीच्या मराठी कॉमिकसाठी तिने एक खलनायक घडवला होता. सदू नावाचा साधा मिस्त्री. पण डोकं फिरलं की त्याचा ‘वणवा’ व्हायचा आणि शहरंच्या शहरं जाळत सुटायचा. शुद्धीवर आल्यावर सदूला काहीच आठवायचं नाही. वाचकांनी वणव्याला डोक्यावर घेतलं.

हा सदू आला कुठून, हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पुंडलिकराव म्हणजे देवमाणूस, असं गाव म्हणायचं. पण वर्षातून दोन-तीनदा त्यांच्या अंगात कोण शिरायचं कोण जाणे, भांडी फेकायचे, बायकोवर, विमलताईंवर धावून जायचे, आणि झोपून उठले की विचारायचे, “हे कोणं फोडलं?” यवतमाळच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून जरा बरं होतं.

एका दुपारी ते कॉमिकचे अंक घेऊन तिच्यासमोर बसले.

“हा सदू मीच व्हय न?”

“नाई बाबा, गोष्ट हाय ते.”

“पेचकस माह्यासारखाच कानावर ठेवते तो.” त्यांनी कानावरचा स्क्रूड्रायव्हर चाचपला आणि पान उलटलं. “अन् हा दुसरा. याले मी कधी पाह्यलंच नोयतं. असाच दिसतो काय मी तवा?”

अर्पिताने अंक मिटायला हात पुढे केला.

“तुही आई कशी राह्यली असंन याच्यासंगं,” ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, “शेवटी सदू बरा होते न?”

“होते बाबा.”

आठवडाभराने संपादकाचा फोन आला. सदू वाचकांना रडका वाटतो, पुढच्या अंकात वणवा त्याला कायमचा गिळून टाकतो. अर्पिताने हातापाया पडून पाहिलं, दुसरा शेवट लिहून पाठवला.

“मला कळतं गं,” संपादक म्हणाला, “पण पात्र कंपनीचं आहे. तू नाही काढलंस तर दुसरं कुणीतरी काढेल.”

दुसऱ्याने सदूला कसंही मारलं असतं. म्हणून तिनेच काढलं. सहा पानं, आठ दिवस. बाबा चहा घेऊन आले की ती टॅब पालथा घालायची.

अंक घरी पाठवू नका, असं तिने कंपनीला कळवलं होतं. पण पंप घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने तो कौतुकाने आणून दिला. अर्पिता बाहेर आली तेव्हा बाबा उभ्याउभ्या शेवटचं पान वाचत होते.

“चांगलं काढलं,” ते म्हणाले. “पार गेला बिचारा, अन् कोणाले पत्ताच नाई.”

“बाबा, मी नाई लिहिलं ते. मले बरा करायचा होता त्याले.”

“मालूम हाय, पोरी.”

संध्याकाळी विमलताईंनी गोळी आणि पाणी पुढे ठेवलं.

“आता कायले?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

अर्पिता कितीतरी वेळ समजावत राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशीही गोळी तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी विमलताई स्टुलावर चढल्या आणि काचेची भांडी वरच्या फळीवर ठेवू लागल्या. अर्पिता खालून एकेक देत राहिली.