वायरबाबाचं कवच

नकाशे काढणाऱ्या त्या कचेरीत त्या दुपारी कुणी एक रेघ ओढली असेल तर शपथ. अकराच्या अकरा जण वायरबाबाभोवती जमले होते. मांडीवर फोन ठेवून बाबा डोळे मिटायचा, कॉम्प्युटरवर तळहात टेकवायचा आणि समोरच्याच्या मनातलं बोलायचा. हाच गृहस्थ पूर्वी इथे इंटरनेटच्या वायरी जोडायला यायचा. आता लोक त्याच्या पाया पडत होते.

दाराशी उभ्या धाकटीचं डोकं सणकलं होतं. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. या कचेरीत नोकरी करणाऱ्या तिच्या ताईने बाबाच्या शब्दावर चार दिवसांपासून फिट्सच्या गोळ्या सोडल्या होत्या.

"अगं, माझ्या फिट्सचं इथे कुणालाच ठाऊक नव्हतं," ताई म्हणाली. "मी फक्त डॉक्टरांना मेल केला होता. बाबांनी शब्द न् शब्द सांगितला."

"मेल कुठून केलास?"

"इथूनच."

"आणि बाबाने या कॉम्प्युटरला काय केलंय?"

"कवच घातलंय. सगळ्यांच्याच. पडद्यावर आलं, यावर विश्वास ठेवायचा का? बाबा म्हणाले, शंका घेतली तर कवच लागत नाही. आम्ही सगळ्यांनी 'हो' दाबलं."

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. अर्धा मिलिमीटर चुकला तर नकाशा फाडणारी ही माणसं, आणि न वाचता 'हो'!

ती ताईच्या कॉम्प्युटरवर बसली. 'डावा गुडघा फार सुजलाय' असा मेल तिने स्वतःलाच पाठवला आणि बाबासमोर जाऊन उभी राहिली. बाबाने फोनकडे ओझरतं पाहिलं, डोळे मिटले.

"मुली, डावा गुडघा. लपवू नकोस. मला सगळं दिसतं."

धाकटीने जागच्या जागी चार उड्या मारल्या. "गुडघा ठणठणीत आहे. तुम्हाला फक्त माझा मेल दिसला."

"शंकेखोरांपुढे शक्ती चालत नाही," बाबा पुटपुटला.

"कशी चालेल? बघा सगळ्यांनी." तिने पडद्यावर एक यादी उघडली. "समोरची साइट खरी आहे, अशी हमी कुणीतरी द्यावी लागते. कुणाची हमी मानायची, त्यांची ही यादी. यात बाबाने स्वतःचं नाव घुसवलंय. त्याने बसवलेलं इंटरनेटचं यंत्र मधल्या मधे तुमची पत्रं उघडतं, बाबाच्या फोनवर दाखवतं आणि पुन्हा बंद करून पुढे धाडतं."

तिने ते नाव काढून टाकलं आणि मेल पुन्हा उघडला. पडदाभर लाल इशारा आला: ही हमी ओळखीची नाही, मधे कुणीतरी तुमची पत्रं वाचत असेल.

"पण बाबा सांगायचे ते खरं निघायचं," मुख्य नकाशाकार चाचरत म्हणाला.

"निघणारच. तुम्हीच लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवायचा."

बाबा पिशवी उचलून दाराकडे सरकत होता. मुख्य नकाशाकाराने दाराला आतून कडी घातली.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मग गोळ्या?"

"आधी डॉक्टरांना फोन कर. चार दिवस सुटल्यात हे सांग." धाकटीने ताईचा हात घट्ट धरला. रागाने आणि त्याहून जास्त भीतीने. "रस्त्यात फिट आली असती तर हा तुला उचलायला आला असता का गं?"

ताईने फोन लावला. धाकटी बाकीच्यांकडे वळली. "विश्वास ठेवू का, असं कॉम्प्युटरसुद्धा विचारतो. तुम्ही निदान कुणावर आणि का, एवढं तरी विचारत जा."