बारा पायांची खुर्ची

माझ्याबरोबर जरा खुर्चीत बसा पाहू. डोळे मिटा. खुर्ची जमिनीवर नाही, चार गड्यांच्या खांद्यांवर आहे आणि गोल गोल फिरते आहे. आता कळलं, एर्मेलिना पणजीला कसं वाटलं असेल?

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. इटलीतल्या पो नदीकाठच्या आमच्या गावात मतदानाचा शेवटचा दिवस. दोन वाजता शाळेतली पेटी बंद व्हायची आणि गावात एकच मत उरलं होतं, पणजीचं. मत चुकवणं म्हणजे आमच्याकडे गावाची नाचक्की. पणजीला चालवत नव्हतं. म्हणून क्लबातल्या लालांनी, म्हणजे कम्युनिस्टांनी, दोन गडी पाठवले, तर चर्चच्या पक्षाच्या पांढऱ्यांनीही दोन. पणजीनं चौघांनाही खुर्चीखाली घातलं.

चौकापर्यंत सगळं गोड चाललं. चौकाच्या मधोमध जत्रेसाठी नाचाचा लाकडी चौथरा बांधलेला, त्याच्या पलीकडे शाळा. डावीकडून जावं तर क्लब लागतो, उजवीकडून चर्च. ज्याच्या दारावरून पणजी जाईल त्याचंच तिचं मत, असं गाव धरून चालणार. म्हणून लालांचा स्पार्ताको डावीकडे ओढी, पांढऱ्यांचा बेनेदेत्तो उजवीकडे. खुर्ची भोवऱ्यासारखी फिरू लागली.

"मेल्यांनो," पणजी म्हणाली, "मला मत द्यायचंय, दळून निघायचं नाहीये."

तिची पणती लिबेरा मारिया आठ वर्षांची. पहिलं नाव लाल बापानं ठेवलेलं, दुसरं पांढऱ्या आईनं. दोनला सहा मिनिटं कमी होती. तिनं ओरेस्तेला गाठलं. हा अकॉर्डियनवाला शनिवारी क्लबात वाजवी, रविवारी चर्चच्या अंगणात.

"काका, पोल्का वाजवा. लवकर."

ओरेस्तेनं भाता ताणला. आमच्याकडे डोकी लाल असोत की पांढरी, पाय सगळ्यांचे पोल्का नाचणारेच. चौघांचे आठ आणि खुर्चीचे चार, असे बारा पाय एका ठेक्यात डुलू लागले. गडी चौथऱ्यावर चढले, फळ्या दणाणल्या, पणजीनं रुमाल फडकवला. ना डावं ना उजवं, वरात थेट मधून शाळेच्या दाराशी उतरली.

दारावरच्या पोलिसाचा हात धरून पणजी आत गेली. दोनचे ठोके पडायच्या आत तिची हाक आली, "पडलं एकदाचं पेटीत."

मत आपलंच, असं स्पार्ताको पुटपुटला. बेनेदेत्तोही तेच पुटपुटला.

लिबेरा मारिया रिकाम्या खुर्चीत चढून बसली. "मला मत द्यायला, म्हणजे एकवीस व्हायला, अजून तेरा वर्षं आहेत," ती चौघांना म्हणाली, "तोवर सराव करून ठेवा." आणि ओरेस्तेकडे बघून तिनं टाचांनी ठेका धरला.