पवित्र पाण्याला फेस येत नाही

गेल्या मे महिन्यात, संत फ्लोरियानच्या सणाच्या रविवारी, आमच्या गावच्या नव्या कोऱ्या आगीच्या बंबाने फादर जोमोन यांना डोक्यापासून बुटांपर्यंत भिजवलं आणि त्यापायी फादरना आता गाव सोडून जावं लागतंय.

असं काहीही झालेलं नाही. ओबरहास्लिंगमध्ये कुणालाही विचारा. आमच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या वार्षिक अहवालात त्या दिवसाबद्दल दोनच वाक्यं आहेत : ‘नव्या वाहनाचा आशीर्वादविधी उत्साहात पार पडला. हवा दमट होती.’ अहवाल मी स्वतः लिहिलाय, त्यामुळे तो खरा आहे.

तर जे झालं नाही, ते असं.

इकडे दक्षिण जर्मनीत, बव्हेरियात, नवा बंब आला की आधी त्याला आशीर्वाद देतात, मग बिअर पितात, आणि आग विझवण्याचं त्यानंतर बघतात. आमचा बंब कारखान्यातून आला तेव्हा त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. अडचण तीच झाली. माझा क्विरिनमामा दलाचा प्रमुख. पोटासाठी इलेक्ट्रिशियन, दूध काढायची यंत्रं आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतो. काही बिघडलेलं नसलं की त्याला करमत नाही. म्हणून त्याने ठरवलं की बंबाच्या छतावर फ्लोरियानची मूर्ती बसवायची, तिच्या पोटात दिवा लावायचा, आणि आशीर्वादाच्या क्षणी तो पेटवायचा. आग विझवणाऱ्यांचा संत पेटवायची कल्पना कुणालाच खटकली नाही.

दिव्याची वायर केबिनमागच्या इलेक्ट्रिकच्या पेटीत न्यायची होती. सायरन, निळे दिवे, पाण्याची तोफ, सगळ्यांच्या तारा त्या पेटीत जातात, आणि पेटी छतावर, उघड्यावर. गाडीवरच्या पेटीत पाणी जाऊ नये म्हणून काय करायचं, हे मामाने दलातल्या सगळ्यांना इतक्यांदा शिकवलंय की मी झोपेतसुद्धा सांगेन. वायर नेहमी खालून घ्यायची. आत शिरण्याआधी तिला जरा पोट सुटू द्यायचं, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब पोटाशी येतो आणि तिथून खाली पडतो. भोकात रबर घट्ट बसवायचं. आणि पेटीच्या बुडाला जे बारीक भोक असतं त्याला हात लावायचा नाही, कारण कितीही अडवलं तरी थोडं पाणी आत जातंच, आणि गेलेल्याला बाहेर यायला वाट लागते.

मामाने वायर वरून घेतली. खालून घ्यायची तर अख्खा पत्रा उतरवावा लागला असता आणि सण दुसऱ्या दिवसावर आलेला. वरच्या भोकात त्याने बाथरूमच्या फरशीला लावतात ते सिलिकॉन भरलं. मग त्याला बुडाचं भोक दिसलं. ट्यूबमध्ये सिलिकॉन उरलं होतं.

“मामा, ते पाणी बाहेर जायचं भोक आहे.”

“आत गेलंच नाही तर बाहेर कशाला येईल?”

मी प्रेशर वॉशर सुरू केला. दुसऱ्या दिवशी गाडी चकचकीत दिसायला हवी होती. शाम्पू गुलाबी होता, त्याला चेरीचा वास होता. छतावर कबुतरांनी आपापली मतं नोंदवून ठेवली होती, ती मी अगदी जवळून, मन लावून धुतली. वरचं सिलिकॉन अजून ओलं आहे हे मला दिसत होतं. मामालाही दिसत होतं.

“मूर्तीच्या पायाशी राहिलंय बघ, बुर्गे,” तो म्हणाला.

फादर जोमोन केरळचे. आमच्याकडे येऊन त्यांना सहा वर्षं झाली, म्हणून गाव त्यांना ‘नवे फादर’ म्हणतं. आधीचे फादर पवित्र पाणी शिंपडत, तेव्हा शिंपडलं की नाही यावर घरी जाताना चर्चा व्हायची. फादर जोमोन कुंचला बादलीत बुडवतात, खांद्यामागून आणतात आणि मोकळ्या हाताने फटकारतात. ईस्टरला पुढच्या बाकांवरची म्हातारी माणसं चष्मे काढून ठेवतात आणि लहान पोरं पुढे बसायला भांडतात. “आशीर्वाद मिळाला की नाही हे माणसाला घरी जाऊन विचारावं लागू नये,” असं ते एकदा म्हणाले होते.

त्या रविवारी त्यांनी बंब चारी बाजूंनी भिजवला आणि शेवटचा फटकारा वर, मूर्तीकडे मारला. ठरल्याप्रमाणे मामाने बटण दाबलं. फ्लोरियान उजळला. लोक कौतुकाने बघत असतानाच वायपर सुरू झाले. मग सायरन. मग पाण्याची तोफ. पुढच्या प्रात्यक्षिकासाठी पंप चालू करून ती तयार ठेवलेली होती. ती आपणहून वळली, क्षणभर थांबली, कोण कोण आलंय ते पाहिलं, आणि तिने फादरना उलट आशीर्वाद दिला. त्यांच्यानंतर चर्चच्या समितीला, आणि मग बँडला. ट्यूबा वाजवणारा शेवटपर्यंत वाजवत राहिला. वाद्य भरत गेलं तसा सूर खाली जात गेला, आणि एका ठिकाणी नुसते बुडबुडे आले.

मामाने इंजिन बंद केलं. झेन्झीकाकू पुढे आली. गावातली बेकरी तिची, आणि चर्चची समितीही तिचीच म्हणायची. तिच्या सणाच्या रेशमी पोशाखातून पाणी निथळत होतं.

“एवढं ओततं का कुणी यंत्रावर?” ती फादरना म्हणाली.

फादर हातातल्या कुंचल्याकडे बघत होते. सगळं गाव मामाकडे बघत होतं, कारण विजेतलं त्याला कळतं. मामाने वर मूर्तीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाला, “पाणी जरा जास्तच झालं, फादर.”

एवढंच. वाक्य तसं खोटं नव्हतं.

“माफ करा,” फादर म्हणाले. त्यांच्या बाह्यांतून पाणी गळत होतं. “माझा हात जरा सैलच आहे.”

लोक मांडवात गेले तेव्हा मामाने आणि मी पेटी उघडली. झाकण निघताच आतून पाणी माझ्या बुटांवर आलं. त्यावर फेस होता. गुलाबी. चेरीचा वास आला. आम्ही दोघं त्या फेसाकडे बघत उभे राहिलो.

“पवित्र पाण्याला फेस येतो का, मामा?”

“येत असेल. मीठ घालतात ना त्यात.”

मग त्याने फडक्याने पेटी पुसली, आणि मी त्याला दुसरं, कोरडं फडकं दिलं. त्या दिवसाचं आठवलं की मला ते फडकंच आठवतं. त्याने मागितलं नव्हतं.

समितीने ठराव केला : यापुढे कुठल्याही प्रसंगी तीन थेंब. “त्यांच्याकडे पाऊस फार, त्यामुळे त्यांना अंदाज नाही,” झेन्झीकाकू बेकरीत प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर हे देत होती. फादरनी वाद घातला नाही. ते कुंचला बुडवायचे, बादलीच्या काठावर झटकायचे, पुन्हा झटकायचे, आणि मग जे उरेल ते शिंपडायचे. पोरं पुढच्या बाकांवरून मागे गेली. जुलैत सुतार अलोईसआजोबांची बायको गेली, तिच्या शवपेटीवर तीन थेंब पडले. आजोबा वाट बघत थांबले होते. शेवटी त्यांनी विचारलं, “हिला एवढंच?”

मामा माझ्या शेजारी गणवेशात, छातीवर पदकं लावून उभा होता. त्याने हेल्मेट पुढे ओढून घेतलं. मीही ओढलं.

सप्टेंबरात बातमी आली. झेन्झीकाकूने बिशपच्या कार्यालयाला लिहिलं होतं की फादर मनाने चांगले आहेत, पण त्यांचं आणि गावाचं पाण्याबाबत जुळत नाही. नाताळाआधी त्यांची बदली, उत्तरेकडच्या कुठल्याशा हॉस्पिटलात. फादरनी खिडकीतलं कढीपत्त्याचं झाड आमच्या घरी आणून दिलं. उत्तरेत ऊन कमी असतं, म्हणाले. सहा वर्षं त्यांनी ते जगवलं होतं.

त्या शनिवारी मामा बंबाच्या गॅरेजबाहेर बाकावर बसला होता. चेहरा असा की दाढ काढून आलाय.

“सांगून टाकलं मी,” तो म्हणाला.

“काय?”

“सगळं. वायर, सिलिकॉन, बुडाचं भोक. शाम्पूसुद्धा.”

मी त्याच्या शेजारी बसले. मे महिन्यापासून पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. “झेन्झीकाकूला?”

“फादरना.”

“बरं केलंस. मग आता ते बिशपना कळवतील.”

“ते कसे कळवतील? पापनिवेदनात सांगितलं.”

मला वेळ लागला. “चर्चमधल्या त्या लाकडी कपाटात? गुडघे टेकून?”

“मग? पाप होतं ना.”

“ज्यांच्यावर ढकललंस त्यांनाच? आणि नेमकं तिथे, जिथलं एक अक्षर ते मरेपर्यंत बाहेर काढू शकत नाहीत?”

“म्हणून तर सांगता आलं,” मामा म्हणाला.

अख्ख्या गावात एकच जागा अशी आहे जिथून काहीही बाहेर झिरपत नाही, आणि माणूस इलेक्ट्रिशियन असल्यामुळे ती त्याने बरोबर शोधली.

“काय म्हणाले ते?”

“विचारलं, ज्याचं नुकसान झालं त्या माणसाशी बोललास का? मी म्हटलं, आत्ता बोलतोच आहे की.” मामाने नाक पुसलं. “मग म्हणाले, वायर खालून घे.”

“आणि प्रायश्चित्त?”

“दहा वेळा ‘नमो मारिया’ ही प्रार्थना म्हणायची. शिवाय म्हणाले, जमलं तर गावाला सांग.”

“मग?”

“जमलं तर, म्हणाले.”

वायर मात्र त्याने त्याच संध्याकाळी खालून घेतली. पत्रा उतरवला, वरचं भोक नीट बुजवलं, बुडाचं मोकळं केलं, नवीन रबर बसवलं, वायरीला छान पोट दिलं. बंब आता तळ्यात बुडवला तरी पेटी कोरडी राहील. इतकं चांगलं काम त्याने आयुष्यात केलं नसेल, आणि ते कुणाला दाखवता येत नाही, कारण दाखवलं तर आधी कसं होतं असं कुणीतरी विचारणार.

गुरुवारी आम्ही पत्ते खेळतो. फादर, मामा, झेन्झीकाकू आणि मी, सहा वर्षांपासून. बदलीची बातमी आल्यावरही फादर आले.

“नव्या जागी तरी हात आखडता ठेवा हं,” काकू पत्ते पिसत म्हणाली. तिला वाटलं ती प्रेमाने बोलतेय.

“ठेवीन,” फादर म्हणाले.

मामाने हुकूम हातात असून टाकला नाही. डाव फादरना गेला. पुढचाही. तो मुद्दाम हरत होता. ही त्याची भरपाई. फादरना हे कळत होतं, पण का हरतोय हे कळल्याचं त्यांना दाखवता येत नव्हतं, म्हणून ते बिचारे प्रत्येक वेळी आश्चर्य वाटल्याचं दाखवत होते. शेवटी त्यांनीही चुकीचे पत्ते टाकायला सुरुवात केली. दोघं एकमेकांशी हरायची शर्यत लावून बसले आणि काकू खुशीत जिंकत गेली.

“बघितलंस?” परतताना मामा म्हणाला. “मनात काही ठेवलेलं नाही त्यांनी.”

“त्यांना चिडायची परवानगी नाही, मामा.”

“मग तू सांग. तुला तर मी कपाटाबाहेर सांगितलंय. वॉशर पण तुझ्याच हातात होता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेकरीत गेले. रांग नव्हती. झेन्झीकाकू म्हणाली, “बोल, बुर्गी.” मी चार प्रेट्झेल घेऊन बाहेर आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. आमच्या घरात आता कुणी प्रेट्झेलकडे बघत नाही. आई म्हणते, तुझं काय चाललंय? कढीपत्ता खिडकीत आहे, त्याला मी रोज पाणी घालते. बहुतेक जास्त होतंय.

शेवटी मी लिहायला बसले. लिहिताना माणसाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

माननीय बिशप महोदय, वरील वस्तुस्थिती लक्षात घेता, पापनिवेदनाच्या गुप्ततेचा नियम ओबरहास्लिंग गावापुरता, एका दिवसासाठी, फक्त एका वाक्याच्या मर्यादेत आणि केवळ वायर वरून घेण्यात आली होती एवढ्याच बाबीसंबंधी शिथिल करण्यात यावा, जेणेकरून फादर जोमोन यांना ते वाक्य स्वतः उच्चारता येईल आणि ते आम्हा दोघांपैकी कुणालाही उच्चारावं लागणार नाही, ही नम्र विनंती. अर्जदाराचं नाव कृपया गुप्त ठेवावं.