पावियानंतरचा प्रवेश

तोताराम भदाणे जळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत, आणि दरवर्षी दिवाळीनंतर पावियाची लढाई शिकवायला आली की त्यांचं डोकं फिरायचं. राग लढाईवर नव्हता, पोरांच्या उत्तरांवर होता. पंधराशे पंचवीस साली इटलीतल्या पावियाबाहेर फ्रान्सचा राजा फ्रान्सिस आणि स्पेनवर राज्य करणारा सम्राट चार्ल्स यांच्या फौजा भिडल्या, राजाचा घोडा पडला, राजा जिवंत सापडला, इथवर पोरं झकास लिहायची. मग 'परिणाम' या शब्दाखाली रेघ मारून तह, प्रांत आणि पोप. संपलं.

खरा परिणाम त्या रेघेखाली कुणी लिहीतच नसे. कैदेतल्या राजाने स्वतःची सुटका करून घेतली ती आपली दोन पोरं ओलीस ठेवून. थोरला आठ वर्षांचा, धाकट्याला सातही पुरी नव्हती. सरहद्दीच्या नदीत होड्या आल्या, बाप या काठाला उतरला आणि पोरं त्या काठाला गेली. बापाने घोड्याला टाच मारली, घरी पोचला आणि तह मोडला. पोरं स्पेनच्या किल्ल्यांत कुजत राहिली. काही वर्षांनी त्यांच्या आजीने घरचा एक माणूस त्यांना बघायला धाडला, तर थोरल्याला त्याचं बोलणंच कळेना. तो आपली फ्रेंच विसरला होता. त्याने त्या माणसाला इथल्या, म्हणजे स्पेनच्या भाषेत बोलायला सांगितलं.

तोतारामनी हे पुण्यात एम.ए. करताना वाचलं, आणि ते त्यांना चिकटून बसलं. त्याला कारण होतं. शिरपूरकडच्या खेड्यातून ते वसतिगृहात गेले तेव्हा बोलताना 'आहे'च्या जागी अहिराणीतला 'शे' निघाला की खोलीतली पोरं हसायची. त्यांनी हट्टाने जीभ बदलली. पुढे सुट्टीत घरी गेल्यावर आईशी बोलायला तोंड उघडलं, तर पुस्तकी मराठीच बाहेर आली. आईने पाहुण्याला देतात तसा त्यांना पाट दिला.

एकोणसत्तर साली धुळ्याला कॉलेजांची एकांकिका स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा त्यांनी पावियावर एकांकिका लिहायला घेतली. लढाई, राजाची कैद, नदीवरची अदलाबदल, आणि शेवटी किल्ल्यातला प्रवेश. फ्रान्सची माणसं अहिराणी बोलतील आणि स्पेनची पुस्तकी मराठी, असं त्यांनी ठरवलं. राजा अहिराणीत हुकूम सोडेल, पोरं अहिराणीत बापाचा निरोप घेतील, आणि शेवटी घरचा माणूस येईल तेव्हा राजपुत्र शुद्ध मराठीत विचारेल, हा काय म्हणतो आहे? काय गेलं ते सांगायला आणखी एक शब्दही लागणार नव्हता.

प्राचार्यांनी संहिता वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. परीक्षक पुण्याहून येणार, कॉलेजची लाज जाईल. फ्रान्सचा राजा 'माले काय समजस तू' असं म्हणायला लागला, तर त्याला राजा कोण म्हणेल? तोताराम म्हणाले की त्याच्या मुलखात त्याची भाषा राजाचीच होती. प्राचार्य म्हणाले, "भदाणे, तुम्ही इतिहास शिकवा, पण स्टेजवर राजा शुद्धच बोलेल. त्या शेवटच्या नोकराला हवी ती बोली द्या. नोकराला चालते."

तोताराम आठवडाभर धुमसत राहिले. एकांकिका मागे घ्यावी, असंही मनात येऊन गेलं. पण कपडे शिवायला टाकले होते, एन.सी.सी.ची पोरं लाकडी तलवारी घेऊन तालमीला येऊ लागली होती. आणि शेवटचा प्रवेश तरी हातात राहतोय ना, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. राजाची, सरदारांची आणि राजपुत्रांची सगळी वाक्यं त्यांनी पुन्हा शुद्ध करून लिहिली. लिहिताना प्रत्येक ओळीला आपण काहीतरी विकतोय असं त्यांना वाटत होतं.

घरच्या माणसाचं काम त्यांनी निंबाला दिलं. निंबा सातपुड्याच्या पायथ्याचा, दुसऱ्या वर्षाचा मुलगा, वर्गात कधी न बोलणारा. राजपुत्र झाला रुपचंद, सराफाचा नाजूक पोरगा. पहिल्याच तालमीत निंबा गुडघ्यावर बसला, आजीने धाडलेली मखमली टोपी पुढे केली आणि हळूच म्हणाला, "कितला मोठा व्हयी गया रे तू. वळखस का माले? मी तुना घरना माणूस शे."

रुपचंद पहारेकऱ्याकडे वळून म्हणाला, "हा काय म्हणतो आहे? मला कळत नाही."

निंबाची टोपी धरलेली बोटं तशीच राहिली. तोतारामना खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

धुळ्याला नाट्यगृह खच्चून भरलं होतं. लढाईला टाळ्या पडल्या. राजा घोड्यावरून पडला त्यालाही पडल्या. नदीवरच्या प्रसंगात बायकांनी पदर डोळ्याला लावलेले तोतारामनी विंगेतून पाहिले आणि त्यांना धीर आला.

मग निंबा आला, गुडघ्यावर बसला आणि बोलला, "कितला मोठा व्हयी गया रे तू."

सभागृह हसलं. एखाददुसरा नाही, सगळं सभागृह. तासभर राजे-सरदार शुद्ध बोलत होते, आणि आता कुणी गावाकडचा गडी दरबारात शिरला होता. हसणारे काही परके नव्हते. धुळ्याचे, साक्रीचे, शिंदखेड्याचेच होते. घरी हीच भाषा बोलणारे.

निंबा गांगरला. पुढचं वाक्य त्याने घाईने म्हटलं, हशा वाढला. मग विंगेतून तोतारामना स्पष्ट दिसलं की पोराच्या चेहऱ्यावरची भीती उतरतेय. हे हसू आपल्यावर नाही, आपल्यासाठी आहे, असं त्याला वाटलं असावं. त्याने डोकं खाजवलं. 'शे' लांबवला. टोपी आधी स्वतःच्याच डोक्यावर घालून बघितली. रुपचंदने कसंबसं "मला कळत नाही" म्हटलं आणि लोक खुर्च्यांवर आपटून हसले. पडदा पडला तरी हसू चालूच होतं.

एकांकिकेला काही मिळालं नाही. निंबाला मात्र विनोदी अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं.

तोताराम परीक्षकांना गाठायला गेले. पुण्याचे ते गृहस्थ निघायच्या गडबडीत होते. तो प्रवेश विनोदी नव्हता, असं तोतारामनी त्यांना सांगितलं. त्या राजपुत्राची भाषा गेली होती, त्याचं घर गेलं होतं. परीक्षकांनी नीट ऐकून घेतलं आणि सहानुभूतीने म्हणाले, "पण मग नोकराला ग्रामीण बोली का दिलीत? राजा तर आपल्यासारखाच बोलतो."

प्रश्न बरोबर होता. आणि तो ज्यांना विचारायला हवा होता ते प्राचार्य दारात उभे राहून निंबाची पाठ थोपटत होते. पुढच्या महिन्यातल्या स्नेहसंमेलनात फक्त तेवढाच प्रवेश ठेवायचा, जरा वाढवून, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या स्टँडवर एस.टी.ला उशीर होता. पोरांनी चहा घेतला आणि निंबाला गळ घातली. त्याने पत्र्याच्या पेटीवर बसलेल्या रुपचंदसमोर गुडघे टेकले आणि सगळा प्रवेश करून दाखवला, कालच्यापेक्षा रंगवून. केळीच्या पानांचे भारे घेऊन बसलेल्या बायका हसल्या, कंडक्टर हसला, कुणीतरी पुन्हा करायला लावलं.

गर्दी पांगल्यावर तोतारामनी निंबाला बाजूला बोलावलं. ते रागावणार असं त्याला वाटलं, त्याने मान खाली घातली. पण ते रागावले नाहीत. पहिल्या तालमीत म्हटलं होतंस तसं एकदा म्हण, एवढंच ते म्हणाले. ऐकायला दुसरं कुणी नाही.

निंबा उभा राहिला. त्याने हात पुढे केले, तोंड उघडलं, आणि पहिल्या दोन शब्दांतच त्याची मान नकळत वाकडी झाली, आवाज चिरका झाला. तो थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच.

"सर, आता तसं येत नाही," तो म्हणाला. हे त्याने शुद्ध मराठीत म्हटलं.

तोतारामना त्याच्याशी त्याच्या भाषेत काहीतरी बोलायचं होतं. ऱ्हावू दे, भाऊ, असं काहीतरी. ते शब्द शोधत उभे राहिले. तेवढ्यात जळगावची गाडी फलाटाला लागली आणि पोरं जागा धरायला धावली.